तात्पुरता चार्ज

किल्ली कोमट होती. गिरधरभाऊंच्या कोटाच्या खिशातून निघून ती पितांबर नानांच्या तळहातावर आली तेव्हा नानांच्या ध्यानात आलं ते एवढंच, की ही वस्तू दुसऱ्याच्या अंगाची ऊब घेऊन आली आहे. बाकीचं मागून आलं. गिरधरभाऊ वाणी, वाचनालयाचे ग्रंथपाल, आज धुळ्याच्या कॉलेजात रुजू व्हायला निघाले होते. बाहेर टांग्यात त्यांची ट्रंक चढली होती आणि ट्रंकेला टेकून त्यांची बायको पदरानं वारा घेत बसली होती. नवा ग्रंथपाल आज सकाळीच जळगाव स्टेशनवर उतरायचा, तर त्याची तार आली, की उद्या येतो. "मग उद्यापर्यंतचा चार्ज तुमच्याकडे, नाना," गिरधरभाऊ म्हणाले, आणि पायरी उतरता उतरता थांबून, अगदी हळू, "सांभाळा." नानांना नाही म्हणायचं होतं. इतर कुणाला कशालाही नाही म्हणणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं, पण या एका बाबतीत त्यांचा हात बसलेला होता. असिस्टंट म्हणून ते इथं लागले तेव्हापासून जितके ग्रंथपाल आले नि गेले, तितक्या वेळा कमिटीनं आधी त्यांनाच विचारलं होतं, आणि तितक्या वेळा त्यांनी मान हलवली होती. एकदा आईच्या आजारपणाचं कारण सांगून, एकदा डोळ्यांचं, आणि पुढं काहीच न सांगता, कारण विचारणारेही उत्तर घरून आणल्यासारखे यायचे. आज मात्र तो नेहमीचा नकार छातीतून निघाला आणि घशाशी येऊन, सुपारीचं खांड अडकावं तसा अडकला. टांगेवाल्यानं लगाम ओढला. घोडा हलला. नाना तोंड किंचित उघडं ठेवून पायरीवर उभे राहिले. तो शब्द येत होता, येतच होता, आणि टांगा वळणावरून दिसेनासा झाला.

"नाना, मझार या," झुलाल शिपाई दारातून म्हणाला. तो धुळ्याकडचा, घरी बोलावं तसा इथंही बोलायचा. "ऊन लागी जाई तुम्हले."

आत यायचं म्हणजे रीत पुरी करायची. या वाचनालयात चार्ज देण्याघेण्याची एक रीत होती आणि गावात तिची थट्टाही होई, पण ती कुणी मोडली नव्हती. देणाऱ्यानं किल्ली दिली की तो बाहेरच्या पायरीवर थांबायचा, घेणाऱ्यानं आत फिरून एकेका कपाटाला हात लावायचा. सगळ्या कपाटांना हात लागला की चार्ज झाला. मग देणारा परका. पुन्हा आत यायचं तर त्यानं पायरीवर उभं राहून "येऊ का" असं विचारायचं. वाचनालय स्थापन करणारे वकील म्हातारपणी चार्ज देऊनसुद्धा रोज त्याच खुर्चीत येऊन बसत आणि नव्या माणसाला कुठं बसावं कळत नसे, त्यातून ही रीत निघाली म्हणतात. तिला धार लावली ती मात्र आत्ताचे अध्यक्ष तोतारामशेठ चौधरी यांनी. ते नवीन नवीन अध्यक्ष झाले त्या सुमारास कुणी तरी सेक्रेटरीचं नाव सांगून बाकं एका प्रचारसभेला उचलून नेली होती. शेठ जिनिंग फॅक्टरीचे मालक, आवाज मोठा, छाती मोठी. सर्वसाधारण सभेत उभे राहून ते म्हणाले होते, की चार्ज ज्याच्याकडे त्याच्या परवानगीवाचून इथली बशीसुद्धा हलणार नाही, आणि आजपासून अध्यक्षसुद्धा पायरीवर उभा राहून विचारेल. टाळ्या पडल्या होत्या. शेठना त्या टाळ्या इतक्या आवडल्या, की तेव्हापासून ते जेव्हा जेव्हा येत तेव्हा पायरीवर थांबून, टोपी सारखी करून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं "येऊ का?" म्हणत. आतून ग्रंथपाल "या, या" म्हणे, पेपर वाचणारी पेन्शनर मंडळी माना वर करून हसत, आणि शेठ आत येत. नाना त्या वेळी कुठल्या तरी कपाटाआड असत.

आज ते कपाटांच्या पुढं होते, आणि गाडी गाठायच्या घाईत गिरधरभाऊ पायरीवर थांबलेले नव्हते. इतकी वर्षं दर चार्जाला त्यांचं काम मधल्या माणसाचं. ते कपाटाचं नाव मोठ्यानं घेत, घेणारा हात लावी. आज नाव घ्यायला कुणी नव्हतं म्हणून ते स्वतःशीच पुटपुटत गेले, चरित्रं, प्रवास, शेतकी, आणि हात लावत गेले, आणि त्यांना नवल वाटलं, की आपण रोज पुसतो त्या लाकडाचा स्पर्श आपल्याला माहीत नाही. मधे नेहमी फडकं होतं. शेतकीच्या कपाटाची काच तापली होती. प्रवासवर्णनांच्या कपाटाला एका कोपऱ्यात कुणी तरी फार पूर्वी चाकूनं एक बदाम कोरला होता, तो बोटाला लागला. हे सगळं आता आपल्याकडे. 'आपल्याकडे' म्हणताना त्यांनी बोट बदामावरून उचललं. मी हे घेतलेलं नाही, ते मनात म्हणाले, माझ्या हातावर ते ठेवलं गेलं आणि मला वेळेवर बोलता आलं नाही, एवढंच. पण हात तर पुढं पुढं जात होता, आणि शेवटी तो मागल्या दालनाच्या दारावर येऊन थांबला.

दार आतून बंद होतं. म्हणजे बाया आल्या होत्या; दाराला लागलेला हात आतल्या कपाटांनाही लागला, असं नानांनी धरलं.

ते परत फिरले आणि ग्रंथपालाच्या खुर्चीत न बसता तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले. टेबलावर मोठी इंग्रजी डिक्शनरी होती. लहानपणापासून त्यांची खोड होती, की भीती वाटली म्हणजे त्या भीतीचा शब्द डिक्शनरीत काढून बघायचा. लहान टायपात छापलेली गोष्ट कमी भीतीची वाटते. चार्ज. एवढासा शब्द आणि त्यानं पानाचे दोन रकाने अडवले होते. बंदुकीत ठासायची दारू म्हणजे चार्ज. ठेवलेला आरोप म्हणजे चार्ज. मालाचा आकार तो चार्ज. यष्टीच्या टपावर ट्रंक टाकली की कंडक्टर म्हणतो तो. शत्रूवर तुटून पडणं तेही चार्ज. आणि सोपवलेली वस्तू, सोपवलेलं माणूस. दाईच्या हवाली केलेलं मूल, तेसुद्धा तिचा चार्ज. या एका शब्दात मारणारा आणि सांभाळणारा शेजारी शेजारी कसे राहतात, त्यांचं भांडण होत नाही का, असं काहीसं त्यांच्या मनात आलं, आणि मग त्यांना तो आवाज ऐकू आला. बेचाळीस साल, धुळ्याचा आग्रा रोड. वाचनालयासाठी पुस्तकं आणायला ते गेले होते आणि एका बाइंडरच्या दुकानात, खळीच्या वासात, गठ्ठा बांधून व्हायची वाट बघत उभे होते. रस्त्यावरून मिरवणूक चालली होती. मग कुणी तरी एकच शब्द ओरडलं. तो शब्द त्यांनी पुस्तकांत शेकडो वेळा वाचला होता, पण मोकळ्या हवेत, माणसाच्या तोंडून, पहिल्यांदाच ऐकला. बाइंडरनं फळ्या ओढून घेतल्या. फळीच्या फटीतून काही दिसलं नाही, नुसता आवाज आला, आधी काठ्यांचा, मग पळणाऱ्या पायांचा, मग कसलाच नाही. फळ्या उघडल्या तेव्हा रस्ता रिकामा होता आणि त्यावर वहाणा पडल्या होत्या. कोल्हापुरी, मोटारच्या टायरच्या, लहान मुलाचे सँडल. नानांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी त्यांचे जोड लावले. वाकून वाकून, डावा उजवा बघून, त्यांनी सगळ्या वहाणा रस्त्याच्या कडेला ओळीनं मांडल्या. हळूहळू गल्ल्यांतून लोक येत गेले, आपापला जोड पायात घालून जात राहिले. एका डोकं फुटलेल्या माणसानं जाता जाता त्यांच्याकडे बघून मान हलवली होती. ती मान कशाची होती, हसू की आभार, हे नानांना अजून ठरवता आलेलं नव्हतं. रात्री कधी जाग आली की ते त्यावर विचार करत.

मागल्या दालनातून हसण्याचा आवाज आला आणि दबला. ते दालन म्हणजे महिला विभाग. गेल्या दिवाळीपासूनचा. कल्पना गिरधरभाऊंची, पण आतून कडी हवी ही नानांची. नाना तेव्हा कमिटीपुढं उभे राहून काय बोलले ते त्यांनाही आठवत नव्हतं, पण सुतार आला आणि कडी बसली हे खरं. तीही त्यांना सुचली ती रस्त्यापलीकडच्या युसूफमुळं. युसूफचं बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान. खेड्यापाड्यांतून रेडिओच्या बॅटऱ्या बैलगाड्यांतून, सायकलींवरून तिथं येत, ओळीनं तारांना लागत, आणि त्यांतून दिवसभर बारीक बुडबुडे येत राहत. नाना दुपारी चहाला तिथं बसत. एडलाबादकडच्या नानांच्या गावची माणसं आली की घाई करत, संध्याकाळी गाणी लागतात, लवकर द्या म्हणत. युसूफ बोटांना लागलेलं ॲसिड सोड्याच्या पाण्यात धूत सांगे, "घाई केली तर प्लेट वाकते भाऊ. हळू भरलेली टिकते." हे वाक्य ऐकलं की नानांना उगाच बरं वाटे. मग आपण एवढ्या वर्षांत कुठल्या तारेला लागलो आहोत आणि भरलो किती, हे विचारायचा धीर त्यांना झाला नव्हता. तर या युसूफची मुलगी जुबेदा. सातवीची फायनल पास झालेली, पुढं ट्रेनिंग कॉलेजच्या परीक्षेला बसायचं म्हणत होती, आणि घरात दोन खोल्यांत नऊ माणसं. दालनाचं त्यानं ऐकलं तेव्हा एकच प्रश्न विचारला, "नाना, अंदर से कडी है क्या?" नव्हती. बसली. दुसऱ्या दिवसापासून मागल्या बोळातून जुबेदा येऊ लागली, तिच्या मागून आणखी येऊ लागल्या. तानुबाई नावाची एक म्हातारी लसणाची पाटी घेऊन यायची. तिला अक्षर येत नव्हतं, ती सोलत बसे आणि जुबेदाकडून पेपर वाचून घेई, आणि बातमी पटली नाही की पुन्हा वाच म्हणे.

जेवणाच्या वेळेला शेवंताबाई स्वतःच डबा घेऊन आल्या. चार्ज ज्याच्याकडे त्यानं वाचनालय सोडून घरी जेवायला जायचं नाही हे त्यांना नवऱ्यानं कधी सांगितलं नव्हतं, पण गावाला माहीत होतं, म्हणून त्यांनाही. पडवीत भाकरी सोडत त्या म्हणाल्या, की बाजारात वांगीवालीसुद्धा म्हणते, नानांनी चार्ज घेतला. नाना म्हणाले, घेतला नाही, झाला. हे ऐकून शेवंताबाईंनी कपाळाला हात लावला नाही, नुसत्या हसल्या. त्यांचं माहेर रावेरकडचं, बोलणं अजून तिकडचंच. "तुमाले भाजीवाली गंगाफळ घ्या म्हने, तं तुमी घेता. माले आवडत नाई हे माहीत असून घेता. काऊन, तं नाई म्हनता येत नाई. आज दुपारी कसं करसान?"

दुपारी काय, नानांनी विचारलं. तेव्हा त्यांना कळलं जे सगळ्या बाजाराला कळलेलं होतं. कापूस व्यापाऱ्यांच्या मंडळाला क्लब हवा होता, पत्ते नि कॅरम खेळायला, शिवाय टेलिफोन ठेवायला, आणि तोतारामशेठनी त्यांना मागलं दालन कबूल केलं होतं. अडचण एकच होती, त्यांच्याच सभेतल्या ठरावाची: चार्जात जे चालू दिलं ते चालू राहणार, बंद करायचं तर सगळ्या सभासदांची सभा बोलवावी लागणार, आणि सभेत दालनाच्या बाजूची माणसं बरीच होती. पण गिरधर गेलेला आणि नवा आलेला नाही, असा एक दिवस मधे सापडला होता. त्या दिवशी चार्ज कुणाकडेच नाही. दालन आज रिकामं केलं तर उद्याच्या चार्जात ते येणारच नाही. जे चार्जात नाही ते कुणी बंदही केलं नाही. शेठच्या गाड्या उन्हं कलली की येणार होत्या. पितांबर नानांचा विचार कुणी केला नव्हता. नाना चार्ज घेत नाहीत हे जळगावात सगळ्यांना ठाऊक होतं; वांगीवालीचं बोलणं शेठच्या कानावर गेलं असतं तरी त्यांनी ते खरं मानलं नसतं.

भाकरीचा घास नानांच्या तोंडात तसाच फिरत राहिला. पळून जावं असं त्यांना वाटलं नाही, हे त्यांना स्वतःलाच विचित्र वाटलं. वाटलं ते असं, की किल्ली झुलालच्या हातात द्यावी, किंवा टेबलावर ठेवावी, आणि शेतकीच्या कपाटाआड जाऊन उभं राहावं. तिथं सावली असते, जुन्या कागदाचा वास असतो, आणि माणसं तिथपर्यंत बघत नाहीत. तुम्ही काय म्हणता, त्यांनी बायकोला विचारलं. शेवंताबाई डब्याचं झाकण लावत होत्या. "मी काय म्हनू. कडी तुमीच बसवली ना?" एवढं म्हणून त्या मागल्या बोळानं वळल्या, आणि थोड्या वेळानं दालनाच्या बोळाकडच्या दाराची कडी निघाल्याचा आणि पुन्हा लागल्याचा आवाज आला. त्या आत जाऊन बसल्या होत्या. वाचता त्यांनाही येत नव्हतं. तानुबाईबरोबर लसूण सोलत असणार.

ऊन कलायला लागलं तसा हॉल भरला. पेपर घेऊन पेन्शनर बसले, परीक्षा संपलेले कॉलेजचे विद्यार्थी बसले, रिटायर झालेले तारमास्तर आपल्या ठरलेल्या खिडकीत बसले. वाळ्याच्या पडद्यावर झुलालनं पाणी मारलं. नाना स्टुलावर बसून डिक्शनरीचं तेच पान बघत होते. रकान्याच्या शेवटी, अगदी बारीक टायपात, शब्दाचं मूळ दिलं होतं. या सगळ्या अर्थांच्या आधी, फार आधी, त्याचा अर्थ होता गाडीत ओझं भरणं. नाना त्या ओळीवर बोट ठेवून राहिले. मळ्यात त्यांचे वडील गाडी भरत होते. खाली केळीचा वाळला पाला, त्यावर घड, घडांवर पुन्हा पाला. लहानगा पितांबर बैलांपुढं उभा राहून कासरा धरायचा, त्याला दुसरं काही येत नसे. वडील घड ठेवत ठेवत बोलायचे, त्याच्याशी की बैलांशी कळायचं नाही. ओझं पुढं गेलं तर बैलाच्या मानेवर येतं, मागं गेलं तर गाडी उलार होऊन मागं झुकते. ते बरोबर आसावर बसलं पाहिजे. बसलं की मग वाटेल तेवढं भर, बैलाला कळतसुद्धा नाही. ते बसलं हे कसं कळतं, त्यानं एकदा विचारलं होतं. वडिलांनी हात थांबवला होता, विचार केला होता, आणि म्हणाले होते, गाडी गप होते.

बाहेर घुंगरांचा आवाज आला. खिडकीतून दोन रिकाम्या बैलगाड्या दिसल्या, आणि खांद्यावर दोर टाकलेले हमाल. तोतारामशेठ पुढं होते. ते पायरीवर आले. आत हॉल भरलेला, माना वर झालेल्या, आणि ग्रंथपालाची खुर्ची रिकामी. इथं शेठ नुसते आत आले असते तर ही गोष्ट वेगळी झाली असती. पण सवय ही अंगात राहते, डोक्यात नाही. भरलेला हॉल दिसला आणि शेठनी टोपी सारखी केली, रिकाम्या खुर्चीकडे बघून मिस्कील हसले, आणि दर वेळच्या त्याच दमदार आवाजात म्हणाले, "येऊ का?"

"नाही."

नानांना वाटलं दुसरंच कुणी बोललं. मग त्यांना कळलं, की घसा मोकळा झाला आहे. सकाळी गिरधरभाऊंसाठी निघालेला तो नकार, दिवसभर अडकून राहिलेला, आत्ता बाहेर पडला होता, नको त्या माणसापुढं, नको त्या वेळी. पानं उलटायची थांबली. ही माझी हिंमत नव्हे, नाना घाईघाईनं मनात म्हणाले, हे सकाळचं शिल्लक राहिलेलं आहे.

"कोन बोललं?" शेठनी विचारलं.

"मी." नाना उठून उभे राहिले. स्टूल मागं पडलं.

"नाना, तुमी?" शेठना खरंच हसू आलं. त्यात राग नव्हता, एखाद्या भिंतीनं खाकरावं आणि आपण चमकावं तसं होतं ते. "अहो, आज कोनाले विचारायचं? आज चार्ज कोनाकडेच नाही."

"माझ्याकडे आहे."

"तुमच्याकडे? तुमी घेतला?"

घेतला नाही, झाला, हे उत्तर जिभेवर आलं. खरं उत्तर तेच होतं. नानांनी हातातली किल्ली मुठीत दाबली. ती आता गिरधरभाऊंच्या अंगाची राहिली नव्हती. "घेतला," ते म्हणाले.

"हां शेठ, घेयेल शे," पडद्याजवळून झुलाल म्हणाला. सगळ्या कपाटांना हात लागल्याची साक्ष त्याला कुणी विचारली नव्हती. "बठ्ठा कपाटंसले हात लाई उनात नाना. किल्ली त्यासनाजोडे शे."

शेठनी एकदा मागं गाड्यांकडे बघितलं, एकदा हॉलकडे. मग ते दारात झुकले, पण उंबऱ्याच्या आत त्यांनी पाय टाकला नाही, आणि आवाज खाली आणून समजावणीच्या सुरात बोलू लागले. घटकाभराचं काम आहे. कपाटं मागच्या शेडमधे ठेवू, पुस्तक एक हलणार नाही. चार बाया आहेत, त्यांना पुस्तकं घरी न्यायला कोण नको म्हणतं, घरी बसून निवांत वाचतील. नाना तुम्ही समजूतदार, कुणाच्या अध्यात ना मध्यात, उगीच या वयात कशाला. सगळं इतकं रास्त होतं, आणि इतक्या आपुलकीनं, की नानांची मान नेहमीप्रमाणे हो म्हणायला हलू लागली. घरी बसून. दोन खोल्या, नऊ माणसं. तेवढ्यात मागून, बंद दाराआडून, जुबेदाचा वाचण्याचा आवाज आला. तिला बाहेरचं काही ऐकू गेलं नव्हतं किंवा सगळं ऐकू गेलं होतं. ती नेहमीसारखी पेपर वाचत होती, थोडी अडखळत, थोडी मोठ्यानं, आणि तानुबाई म्हणाली, "पुन्हा वाच ती ओळ." नानांना आपले दोन्ही पाय फरशीवर टेकलेले जाणवले, सारखे टेकलेले. ओझं पुढं नव्हतं, मागंही नव्हतं. कुठं तरी, कमरेच्या जरा वर, सगळं गप झालं.

"नाही, शेठ," ते म्हणाले. हा सकाळचा नव्हता. हा आत्ताचा, ताजा, त्यांचा स्वतःचा होता, आणि तो इतका सहज आला की त्यांना पुढचंही बोलता आलं. "दालन चालू आहे. उद्या मी ते चालूच देणार आहे."

खिडकीतले तारमास्तर चष्मा काढून पुसत म्हणाले, "शेठजी, उन्हात नका उभे राहू. नाही म्हटलंय त्यांनी." कुणी तरी हसलं, मग दोघं तिघं हसली, आणि ते हसू शेठवर होतं की त्यांच्या त्या जुन्या भाषणावर, हे सांगता येत नव्हतं. शेठनाही येत नसावं. त्यांचा हात टोपीकडे गेला. त्या टाळ्यांच्या दिवशी ते किती उंच झाले होते हे नानांना आठवत होतं. कपाटाआडून का होईना, टाळ्या त्यांनीही वाजवल्या होत्या. आता एक पाऊल आत टाकलं की ती उंची गेली. शेठ तेवढा वेळ पायरीवर उभे राहिले, जेवढा वेळ माणसाला आपलीच वस्तू ओळखायला लागतो. मग ते वळले आणि हमालांवर खेकसले, की बघता काय, गाड्या फिरवा.

रिकाम्या गाड्यांचा आवाज भरल्या गाडीपेक्षा मोठा असतो. तो बाजारापर्यंत ऐकू जात राहिला. नाना स्टूल उचलायला वाकले, तेव्हा त्यांना हसू येत होतं, आवरत नव्हतं, म्हणून ते उगाच जास्त वेळ वाकून राहिले. मग ते उठले आणि स्टुलावर न बसता खुर्चीत बसले. खुर्ची साधीच होती. वेत एका बाजूला खचलेला होता. तिच्यातून सगळा हॉल दिसत होता, दारापासून मागल्या दालनापर्यंत, आणि इतक्या वर्षांत त्यांनी तो असा सबंध कधी पाहिला नव्हता. संध्याकाळी त्यांनी स्वतः कुलूप लावलं. रस्ता ओलांडताना युसूफ दुकानातून उतरून समोर आला, त्यानं त्यांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला, आणि सोड्याच्या पाण्यानं खरखरीत झालेले ते हात त्यांना रात्री झोप लागेपर्यंत जाणवत राहिले. घरी शेवंताबाईंनी ताटात गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी वाढली. त्यांनी बघितलं. त्या म्हणाल्या, "नको असंन तं नाई म्हना." दोघंही हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं खैरनार आला, मालेगावचा, तरतरीत, नवा कोट घातलेला. नानांनी त्याला किल्ली दिली आणि रीतीप्रमाणे स्वतः बाहेर पायरीवर थांबले. झुलाल आत कपाटांची नावं घेऊ लागला, खैरनार हात लावत गेला. पायरीवर ऊन होतं. नाना वाट बघत होते, की आता ते जुनं हलकं वाटणं येईल, सुटलो असं, पण ते आलं नाही. उलट, आत काही तरी आपलं राहिलं आहे, ते नीट पोचतं की नाही, अशी टोचणी लागून ते उंबऱ्याशी मान पुढं करून उभे राहिले. खैरनार मागल्या दालनापाशी पोचला. दार आतून बंद. त्यानं टकटक केली.

"कोण?" आतून जुबेदाचा आवाज.

"ग्रंथपाल."

मग जुबेदानं विचारलं, "नानांनी चार्ज दिला का?"

खैरनार वळला आणि लांबलचक हॉलच्या या टोकाला, पायरीवरच्या नानांकडे बघू लागला. हॉलमधल्या सगळ्यांनीच बघितलं. मधे भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती. ती नानांनीच रंगवली होती, आणि तिच्याखाली त्यांनी आयुष्यभर कुजबुजण्यापलीकडे आवाज काढला नव्हता. आत जायची आता त्यांना मुभा नव्हती. नानांनी छाती भरून श्वास घेतला.

"दिला," ते ओरडले.

आवाज हॉलभर गेला, कपाटांच्या काचा जराशा झणझणल्या, तारमास्तरांच्या हातातला पेपर खाली आला, आणि रस्त्यापलीकडे बॅटऱ्यांवर वाकलेल्या युसूफनं डोकं वर केलं. "दालनासकट दिला. चालू दिला." मागल्या दालनाच्या दाराची कडी निघाल्याचा आवाज अगदी पायरीपर्यंत ऐकू आला. दार उघडलं. खैरनारनं आत हात नेऊन कपाटाला लावला, आणि चार्ज पुरा झाला.

पितांबर नाना आता इथले कुणी नव्हते. त्यांनी वहाणा काढल्या, जोड नीट लावून ठेवला, टोपी सारखी केली, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, "येऊ का?"

विचारून आत यायची ही रीत खैरनारला कुणी सांगितली नव्हती. पण मागल्या दालनातून चार आवाज एकदम आले, त्यात एक शेवंताबाईंचा होता.

"या."